तिची कमाई, त्याची खंडणी

ती तक्रार मी अजून विसरलेले नाही आणि विसरायची इच्छाही नाही. निवृत्तीचं वय व्हायच्या कितीतरी आधी मी न्यूझीलंड पोलिसांची वर्दी उतरवली. आता पत्रकं लिहिते, सभा घेते. सभेत कुणी उठून "असल्या बायकांना कसला आलाय न्याय?" असं विचारलं, की मी ही केस सांगते. नावं सांगणार नाही.

तेव्हा मी हट व्हॅलीत डिटेक्टिव्ह होते. हिवाळ्यातली सकाळ होती. काउंटरवरचा कॉन्स्टेबल आत येऊन म्हणाला, "एक बाई आलीय. मराठी बोलणारं कुणी आहे का, विचारतेय."

ती त्याच खोऱ्यातल्या अप्पर हट गावात राहणारी. पुण्याहून शिकायला आली आणि इथलीच झाली. सॉफ्टवेअर टेस्टिंगमधली नोकरी गेली होती, घराचे हप्ते मात्र चालू होते. खुर्चीत बसायच्या आधीच ती म्हणाली, "मॅडम, आधीच सांगते. मी ऑनलाइन अडल्ट कंटेंट करते. चेहरा दाखवत नाही. हे ऐकून उठणार असाल तर आत्ताच उठा."

"मॅडम नको म्हणूस. आणि मी उठत नाहीये. चहा घेशील?"

खोट्या नावाच्या एका वर्गणीदाराने तिला साइटवरच धमकी दिली होती. हे बंद कर, नाहीतर दर महिन्याला मला वाटा दे. यातलं काहीच केलं नाहीस तर व्हिडिओ मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकीन, आणि तुझे आईवडील इथे पोचले की त्यांनाही दाखवीन. आईवडील पुढच्याच महिन्यात पहिल्यांदा लेकीचं घर बघायला येणार होते.

"बाबा दारातूनच परत जातील हो," ती म्हणाली. "घर विकून ऑस्ट्रेलियाला निघून जाऊ का?"

"पळायचं असेल तर त्यानं. तू कशाला?"

इथे थांबून एक सांगते, कारण लोकांच्या डोक्यात भलतंच असतं. पलंगावर लोळून डॉलर मिळतात म्हणे! तिचा जबाब घेताना मला कळलं ते असं: सगळ्यात जास्त वेळ जातो टायपिंगमध्ये. कुणाचा घटस्फोट झालाय, कुणाच्या कुत्र्याचं ऑपरेशन आहे, सगळं लक्षात ठेवून रोज गोड उत्तरं द्यायची. साइट आपला हिस्सा कापते, उरलेल्यावर सरकार कर घेते. कुणीतरी व्हिडिओ चोरून फुकट टाकतो, ते काढायला आणखी एक दिवस वाया. काही महिने बरे जातात, काहींत किराण्याचा खर्चसुद्धा सुटत नाही. मी या धंद्याची जाहिरात करत नाहीये. पण ती सज्ञान होती, काम कायदेशीर होतं आणि कर ती इमानदारीत भरत होती. गुन्हा करणारा माणूस वेगळाच होता.

धमक्या इंग्रजीत होत्या, मधेमधे इथला 'मेट', म्हणजे दोस्त, पेरलेला. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या. एका वाक्यावर अडले: भिंतीपलीकडे देव बसलेले असताना तू या खोलीत काय करतेस!

"तुझ्या व्हिडिओत देवघर दिसतं?"

"छे! पडदा आणि पलंग, बस. देवघर भिंतीच्या त्या बाजूला, हॉलमध्ये आहे."

"मग परक्या माणसाला ते कसं कळलं?"

तिने चहाचा कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाली, "वास्तुशांत."

आपल्याकडची रीत ठाऊकच आहे. पाहुणा आला की 'या, घर बघून घ्या' म्हणत बेडरूमपासून कपाटापर्यंत सगळं दाखवायचं. तिनेही दाखवलं होतं. सगळे 'छान, छान' म्हणून पुढे गेले. मंडळात सगळे ज्यांना 'भाऊ' म्हणतात, ते एकटे बेडरूममध्ये थांबले. मंडळातले ज्येष्ठ इंजिनिअर, गणपतीत संस्कारांवर भाषण देणारे. मोबाइलमधलं होकायंत्र काढून म्हणाले, "देवघराच्या मागे बेडरूम? अगं, हा मोठा दोष आहे!" तो पडदा आणि तो पलंग ज्याने तेव्हा नीट पाहिला, त्याला व्हिडिओतली बाई ओळखायला चेहऱ्याची गरज नव्हती.

मी सार्जंटकडे गेले. तो म्हणाला, "भिंतीला नावं ठेवली म्हणून माणूस गुन्हेगार होत नाही, मेट."

"सार्ज, कुठल्या परदेशी हॅकरला भिंतीमागच्या देवांची काळजी वाटेल?"

तो हसला. "स्वीट ॲज," म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'झकास'. "कागद तयार कर."

कोर्टाच्या आदेशाने वर्गणी भरलेल्या क्रेडिट कार्डाची माहिती मागवली. कार्ड भाऊंच्या बायकोचं निघालं.

भाऊ चौकशीला वकील घेऊन आले. मी हक्क वाचून दाखवले, कॅमेरा चालू केला. कार्ड चोरीला गेलं असेल, म्हणाले. असल्या साइट मी बघतच नाही, म्हणाले. मी वाद घातला नाही. माझा अनुभव सांगते: खोटं बोलणारा घाबरला की गप्प बसतो, पण ज्याला उपदेशाची सवय आहे त्याला गप्प बसवतच नाही. म्हणून मी एवढंच विचारलं, "हल्लीच्या मुलींचं काय चुकतं, असं वाटतं तुम्हाला?"

झालं. संस्कृती आली, संस्कार आले. वकील खाकरला, भाऊ थांबेनात. "तिला सुधारायची संधी दिली होती मी! आईवडील यायच्या आत बंद कर, म्हटलं होतं!"

"कुठे म्हटलं होतं, भाऊ?"

वकिलाने पेन खाली ठेवलं.

"आणि तो दरमहाचा वाटा?"

"तो... मंडळाला देणगी म्हणून देणार होतो."

इतकी वर्षं नोकरी केली, पण हसू आवरायला एवढं कधीच जड गेलं नाही. घरझडतीत त्यांच्या फोनमध्ये सगळ्या धमक्या जशाच्या तशा सापडल्या. खंडणीचा गुन्हा दाखल झाला, त्यांनी तो कबूल केला.

आईवडील आले, तेव्हा तिने घरी पोचल्यावर स्वतःच सगळं सांगितलं. आई रडली. वडिलांनी तिच्याशी बोलणं टाकलं. पण कोर्टात शिक्षा सुनावायच्या दिवशी कोट घालून तेच आधी गाडीत जाऊन बसले.

शिक्षेआधी कोर्टात वाचायचं पीडितेचं निवेदन आम्ही वाचू का, असं तिला विचारलं होतं. "माझं मी वाचते," म्हणाली. भाऊंकडे बघून वाचलं: "माझ्या घराचे हप्ते मी माझ्या कामातून भरते. तुम्ही माझ्या भीतीतून कमवायला निघालात. लाज कुणाला वाटायला हवी, ते तुम्हीच ठरवा."

बाहेर मंडळातल्या एक काकू वाट बघत उभ्या होत्या. भाऊंसाठी आल्या असतील, असं मला वाटलं. त्या तिच्याकडे गेल्या. "गणपतीला येतेस ना? आईबाबांनाही आण. आणि आरतीला वेळेवर ये गं, दरवर्षी उशीर करतेस."

वडील पहिल्यांदाच बोलले, "मी आणतो तिला वेळेवर."

या केसने मला शिकवलं ते हे: खंडणीखोराचं भांडवल व्हिडिओ नसतो, आपली कुजबुज असते. ती आपण बंद केली की त्याच्या हातात काही उरत नाही. ती बाई आजही त्याच घरात राहते. ते काम अजून करते का? मी विचारलेलं नाही. तो प्रश्न पोलिसांचा नव्हता, आणि तुमचाही नाही.