शेवटचा भाग रंगनाथकडे

शेवगावातल्या त्या चौघांची वाचायची रीत जगावेगळी होती. कादंबरी एक, वाचणारे चार आणि आठवड्याला रविवार एकच. म्हणून त्यांच्यातला श्रीमंत नावाचा शिंपी नव्या कादंबरीची शिवण उसवायचा आणि तिचे चार भाग करून वाटून द्यायचा. ज्यानं त्यानं आपलाच भाग वाचायचा आणि रविवारी, ख्रिस्ती देवळातली प्रार्थना सुटली की, यशया मास्तरांच्या पडवीत बाकीच्यांना सांगायचा. सांगून झालं की श्रीमंत पुस्तक पुन्हा शिवून टाकी. दोनदा न वाचता आला त्याची जागा गेली. पोस्टमन कारभारी त्या जागेवर केव्हाचा टपून होता.

चौघांतल्या रंगनाथचं असं एकदा झालं होतं.

तो दुष्काळी कामावर हजेरी घ्यायचा. सकाळी पाझर तलावावर सातशे नावं पुकारायची, दिवसभर उन्हात खड्डे मोजायचे, मग सायकल रेटत घरी. ह्या खेपेला शेवटचा भाग त्याच्या वाट्याला आला होता. दुपारच्या सुटीत बाभळीखाली बसून तो पान उघडी, आणि सुटी संपल्याची शिट्टी झाली की जागा होई. आठवडाभरात आठ पानं झाली.

रविवारी मास्तरांनी पहिला भाग सांगितला, तो प्रवचनासारखा. "आणि बंधुजनहो, त्या स्त्रीचं अंतःकरण काय म्हणालं?"

"काय म्हनालं ते बिगीनं सांगा," श्रीमंत म्हणाला, "आन् लुगडं कंचं हुतं तेबी." त्याच्या स्वतःच्या भागात तर माणसं कमी आणि कपडेच जास्त आले. दवाखान्यातल्या पुष्पावती नर्सनं तिसरा भाग पेशंटचा रिपोर्ट द्यावा तसा दिला. "नवऱ्याला ताप. सासूत सुधारणा नाही. बाई घर सोडून निघाली. सांगा, रंगनाथभाऊ."

रंगनाथनं आठ पानं पुरवून पुरवून सांगितली. बाई एस.टी.त बसली, उतरली, रस्त्याला लागली. पुढचं वाचलंच नव्हतं. गप्प बसावं तर जागा जाणार. तो बोलत राहिला.

"मग ती खडीच्या कामावर गेली. मुकादमानं नाव विचारलं, तिनं माहेरचं सांगितलं. दिवसभर पाट्या वाहिल्या. सांजच्याला नवरा न्यायला आला. तर म्हणाली, 'आज न्हाई. आज लई दमलेय. रडायचं हाय, तेबी उद्या.'"

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

पुष्पावतीनं चष्मा काढून पुसला. "असंच होतं," ती म्हणाली. "ड्यूटीवरून आल्यावर अगदी असंच."

"आना इकडं, शिवून टाकतो." श्रीमंतनं सुई ओवली, कागद हातात घेतले आणि थबकला. तेव्हा पुष्कळ पुस्तकांची पानं कडेला जुळलेलीच यायची. सुरीनं कापत कापत वाचावं लागे. रंगनाथच्या भागात आठव्या पानापुढं सुरी लागलीच नव्हती.

"आरं लेका, कुलूप न काढता घरात जाऊन आलास व्हय!"

रंगनाथ हसला नाही. "झोप लागते, मास्तर. द्या कारभारीला जागा." एवढं बोलायचासुद्धा त्याला कंटाळा आला होता.

मास्तरांनी पानं कापली आणि खरा शेवट मोठ्यानं वाचला. ताप उतरला, सासूनं माफी मागितली, सनई वाजली.

"शालू हिरवा हाय," श्रीमंत म्हणाला. "बाकी काय दम न्हाई."

"नियम तो नियम," मास्तर म्हणाले. "जागा कारभारीची."

"आणि त्या दमलेल्या बाईचं काय करायचं?" पुष्पावतीनं विचारलं.

मास्तरांनी कापलेली पानं जुळवून श्रीमंतकडे दिली. मग म्हणाले, "लिहून द्या, रंगनाथराव. पानभर. पुस्तकाच्या मागं शिवू."

"लिहायचं?" रंगनाथनं भिंतीला पाठ टेकली. "ते होणार नाही माझ्यानं."

पुष्पावतीनं पिशवीतून पेन काढलं. "तुम्ही सांगा, मी लिहिते. नवरा न्यायला येतो तिथून. आणि हळू सांगा, आठवडाभर सुया टोचून माझीही बोटं दुखतात."