दांडा उतरवलेली सायकल

आमच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये चारपेक्षा कमी सायकली कधीच नसतात आणि त्यातली एकही चालत नसते. हे माझ्या बायकोचं म्हणणं आहे आणि ते खरं आहे. आठवडाभर मी बुलढाण्यात कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी जुन्या फ्रेमा हुडकत फिरतो. नांदुऱ्याच्या भंगारात, मेहकरच्या बाजारात, कधी कुणाच्या गोठ्यात कडब्याखाली. गंज खरवडायचा, वाकलेलं सरळ करायचं आणि ज्याला पाहिजे त्याच्या अंगाच्या मापाची सायकल उभी करायची. लोक म्हणतात, छंद छान आहे. छंद कसला हो, डोक्याला ताप आहे! पण सुटत नाही.

माप मी टेपनं घेत नाही. टेपवरचा आकडा मी शेडपासून घरात जाईस्तोवर विसरतो. मी खिशातली सुतळी काढतो, माणसाला भिंतीला पाठ लावून उभं करतो, मांडीच्या सांध्यापासून टाचेपर्यंत सुतळी धरतो आणि गाठ मारतो. ती सुतळी मग शेडमधल्या खिळ्याला. सायकल झाली की सीटची उंची त्या गाठीवर लावायची, की माणूस बसल्याबरोबर पाय बरोबर पोचतो. आजवर एकही गाठ चुकलेली नाही. गिऱ्हाइकं मात्र सगळी चुकीची भेटली, आणि त्यातलं सगळ्यात वाईट गिऱ्हाईक माझ्या घरातच निघालं.

माझे बाबा पोस्टमन होते. चाळीस वर्षं सायकलवर डाक वाटली, त्यातली निम्मी देऊळघाटात. तिथल्या एका शेतकऱ्याशी त्यांची अशी दोस्ती जमली की दर दसऱ्याला सोनं द्यायला बाबा सायकलवर देऊळघाटला जाणार म्हणजे जाणार. आपट्याची पानं द्यायची, गळ्यात पडायचं, भजी खायची आणि एकमेकांना शिव्या देत संध्याकाळ करायची. त्या शेतकऱ्याला मी काका म्हणतो. मागच्या वर्षी पावसाळ्यात काकांना लकवा मारला, डावं अंग गेलं. त्याच सुमारास बाबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दसरा आला आणि तसाच गेला. फोनवर काकांचं बोलणं कळेना, म्हणून फोनही बंद झाला. दहाएक किलोमीटरवर राहणारी दोन माणसं वर्षभर एकमेकांना दिसली नाहीत.

म्हटलं, बाबा, मोटरसायकलवर मागं बसा, वीस मिनिटांत नेऊन सोडतो.

"चाळीस वर्षं मी पार्सलं पोचवली," बाबा म्हणाले, "आता मीच पार्सल होऊ काय?"

"मग ऑटो करतो."

"ऑटोतून दवाखान्यात जातात. तो खाटेवर पडला आहे. मी बी दुसऱ्याच्या खांद्याले धरून गेलो, त मंग त्यानं कोणाच्या तोंडाकडे पाहाव? मले सायकल बनवून दे. यंदा दसऱ्याले जायचं म्हणजे जायचं."

आता बोला! ज्या माणसाचा गुडघा निम्माच वाकतो, ज्याला घराचा उंबरा ओलांडायला भिंत धरावी लागते, त्याला सायकल पाहिजे. डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला, सपाट रस्त्यावर हळूहळू चालवली तर गुडघ्याला चांगलीच. डॉक्टरनंसुद्धा माझी बाजू घेतली नाही.

बाबांचं माप घेतलं. त्यांच्या सुतळीला दोन गाठी आल्या, एक सरळ पायाची आणि एक गुडघा जेवढा वाकतो तेवढ्याची. पाय वर उचलून दांड्यावरून टाकणं शक्यच नव्हतं. म्हणून दोन रविवार घालवून मी एक सुरेख लेडीज फ्रेम आणली, जुनी, जाड नळीची, कुठं चीर नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"ज्या गावात डाक वाटली तिथं लेडीज सायकलवर जाऊ?"

"अहो बाबा, दांडा नाही म्हणून लेडीज म्हणतात. तुम्हाला दांडा चालतो का?"

"ते मले माहीत नाही. लेडीजवर मी बसणार नाही."

मी हात टेकले. ती फ्रेम कोपऱ्यात टाकली, नांदुऱ्याला गेलो, भंगारवाल्याशी तासभर घासाघीस करून डबल दांड्याची एक जेंट्स फ्रेम आणली, ग्रिलच्या कारखान्यात वेल्डिंगवाल्यापुढे बसलो, वरचे दोन्ही दांडे कापले आणि त्यातला एक खाली तिरपा बसवून घेतला. म्हणजे झाली काय? लेडीजच! कोपऱ्यातल्या फ्रेमची सख्खी बहीण! बाबांनी तिच्यावरून हात फिरवला, एक पाय या बाजूनं त्या बाजूला काढून पाहिला आणि म्हणाले, "हाव. ही जमली. ही जेंट्सच आहे, दांडा उतरवलेली." बोलून उपयोग असता तर माझं अर्धं आयुष्य वाचलं असतं.

गुडघा कमी वाकतो म्हणून पायडलचा फेराही लहान पाहिजे होता. लहान पोरांच्या एका मोडक्या सायकलचे आखूड क्रँक, म्हणजे ज्यांच्या टोकाला पायडल असतं ते हात, काढले आणि बसवले. हे जुने क्रँक आसाला कॉटर पिननं, म्हणजे पाचरीसारख्या खिळीनं, घट्ट होतात. पिन कानशीनं घासून आत ठोकायची आणि वरून नट आवळायचा. नवी पिन पहिल्या फेरीत थोडी दबते, म्हणून चार-पाच किलोमीटर चालवून आल्यावर ती पुन्हा ठोकावी लागते, नट पुन्हा आवळावा लागतो. हे मी बाबांना तीनदा सांगितलं होतं. पण रंगवाल्यानं "उद्या देतो" म्हणत म्हणत चार दिवस लावले, आणि सायकल जोडून झाली तेव्हा दसऱ्याच्या आदल्या दिवशीची दिवेलागण झालेली. म्हटलं, सकाळी लवकर उठून एक फेरी मारतो आणि पिन ठोकतो.

सकाळी उठून पाहतो तर शेडमधली भिंत रिकामी. पाने, हातोडी, कानशी, पेचकस, अगदी हवा भरायचा पंपसुद्धा देवघरापुढे पाटावर ओळीनं मांडलेला, हळदकुंकू वाहिलेलं, झेंडूची फुलं ठेवलेली. दसऱ्याला हत्यारं पुजायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत हातात घ्यायची नाहीत, हा आमच्या घरचा नेम. पण यंदा बाबांनी पहाटेच पूजा उरकून ठेवली होती, आणि स्वतः धोतर नेसून, टोपी घालून सायकलपाशी उभे.

"बाबा, पिन ठोकायची राहिली आहे!"

"आज पाना हातात घ्यायचा नाही."

"अहो, रस्त्यात सुटेल ना!"

"नाही सुटत. तू बनवली आहे न?"

स्तुती केली की माझं डोकं फिरवलं, तेच कळेना. बाबा आपट्याची पानं पिशवीत घालून निघाले. हळूहळू, एका लयीत, पाठ ताठ. मला मागं यायची मनाई होती. मी पाटावरचा एक पाना गुपचूप खिशात टाकला आणि मोटरसायकल काढली.

निम्म्या वाटेवर एका पुलाच्या कठड्यावर बाबा बसलेले दिसले. सायकल स्टँडवर, उजवा क्रँक हातानं धरला तर डुगडुग हलत होता. माझा संताप अनावर झाला. म्हटलं, सांगत होतो! तीनदा सांगितलं! पडले असते म्हणजे? दुसऱ्या गुडघ्याचं बी करायचं होतं का?

मी खिशातून पाना काढला. त्यावर कुंकवाचं बोट तसंच होतं. बाबांनी ते पाहिलं.

"ठेव खिशात," ते म्हणाले. मग वाकून रस्त्याकडचा एक मुठीएवढा दगड उचलला, पिनवर मोजून चार ठोके घातले आणि नट चिमटीत धरून फिरवला. "दगड पूजेत नव्हता."

दर दोन किलोमीटरला असं थांबत, ठोकत आम्ही देऊळघाटात शिरलो. बाबा पुढं, मी मागं, पहिल्या गिअरमध्ये घोंगावत. माणसं ओट्यावरून पाहत होती. दोघा-तिघांनी "पोस्टमन आले!" म्हणून हाका मारल्या, तसा बाबांनी घंटीवरचा अंगठा काढलाच नाही.

काका अंगणात खाटेवर उशीला टेकून बसले होते. केवढे वाळले होते! तोंड एका बाजूला ओढलेलं, डावा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. बाबांनी सायकल थेट खाटेपर्यंत नेली. काकांनी आधी बाबांकडे नाही, सायकलकडे पाहिलं. बराच वेळ ओठ जुळवले आणि वर्षभरात पहिल्यांदा मला त्यांचं बोलणं स्वच्छ कळलं.

"अबे... लेडीज?"

बाबा असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "लेडीज नाही बे! दांडा उतरवला आहे. पोरानं बनवली!" मग पानं काकांच्या उजव्या हातात दिली आणि त्यांना मिठी मारली. मी उगाच सायकलची साखळी पाहत बसलो.

थोड्या वेळानं काकांनी उजव्या हातानं मला जवळ बोलावलं. "पोरा... मले बी... एक बनव."

मी त्यांच्या डाव्या पायाकडे पाहिलं. तो पाय आता हलणार नाही, हे मी सांगायला नको, कुणालाही कळलं असतं. मी तोंड उघडणार तोच बाबा म्हणाले, "सुतळी काढ."

"बाबा..."

"काढ म्हणतो न. सुतळी बी पूजेत नव्हती."

बाबांनी काकांचा डावा पाय दोन्ही हातांनी उचलला आणि खाटेवर सरळ केला. मी मांडीच्या सांध्याशी सुतळी धरली, बाबांनी टाचेपर्यंत ताणली. काका अगदी ताठ होऊन बसले, फोटो काढताना बसतात तसे. मी गाठ मारली.

परतताना गावाबाहेर पिन पुन्हा ढिली झाली. बाबा दगड शोधत होते तेव्हा माझा संयम सुटला. म्हटलं, असं कसं वागता तुम्ही? त्या माणसाला आशा लावून आलात! तो पाय पायडल मारणार आहे का? मी कुठून आणू तसली सायकल?

बाबांना दगड सापडला. ते पिन ठोकत राहिले, माझ्याकडे न पाहता.

"त्याले समजते सगळं," ते म्हणाले. "पण वर्षभर जो आला तो त्याची नाडीच पाहून राह्यला. माप घ्यायले कोणी आलं नव्हतं."

घरी येऊन मी ती सुतळी खिळ्याला अडकवली, बाबांच्या सुतळीशेजारी. त्यानंतरचा एकही रविवार मला मोकळा मिळालेला नाही. तीन चाकांची सायकल एका पायानं चालवता येते, हे कुणीतरी बाबांना सांगितलं आहे, आणि ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन शेडच्या दारात उभे राहतात. "फ्रेम भेटली काय बे?" मी दातओठ खात म्हणतो, "शोधून राह्यलो ना बाबा!" कालही नांदुऱ्याला जाऊन आलो. तिसरं चाक बसेल अशी एक फ्रेम मिळाली, आणि भंगारवाल्यानं जो भाव सांगितला तो मी गपगुमान देऊन टाकला.