डावा कौल

मी मुळात भित्री. लोकांची भीती घालवण्याचा उद्योग हिला कोणी सांगितला, असं घरचे चिडवत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुंबईत मानसशास्त्र शिकून, एका इस्पितळात दोन वर्षं उमेदवारी करून मी रत्नागिरीत परतले ती ऐंशीनंतरची वर्षं. ओळखीच्या एका डॉक्टरांनी दवाखान्यामागची खोली दिली. पाटीवर काय लिहायचं यातच महिना गेला. 'मानसोपचार' लिहिलं तर वेडं ठरण्याच्या धास्तीने कोणी पायरी चढणार नाही, म्हणून शेवटी पाटी लावलीच नाही.

माझी पद्धत साधी होती. समोरच्याला बोलू द्यायचं आणि आपण ऐकायचं. फक्त इथे कोणी एकटं येतच नसे.

आतल्या एका गावातून एक शेतकरी आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला घेऊन दर मंगळवारी एसटीने यायचा. घास घशात अडकून आपण मरणार, अशी भीती तिच्या मनात बसली होती. नुसती पेज घ्यायची, तीही चार घोट. तिची मनगटं बघवत नसत. डॉक्टरांनी घसा तपासला, त्यात काही सापडलं नाही, म्हणून तिला माझ्याकडे पाठवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "लवकर काहीतरी करा. हे शरीर फार दिवस काढणार नाही."

मी विचारायची, "झोप लागते का गं?" बाप सांगायचा, "लागता." मी विचारायची, "भीती कधीपासून वाटते?" बाप म्हणायचा, "दिवाळीपासना." माणूस भला, वयाने मोठा. त्याला गप्प बसा म्हणणं माझ्या तोंडून निघेना. आणि खरं सांगायचं तर उत्तरं मिळताहेत याचंच मला हायसं वाटायचं. मुलगी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून असायची. असे सहा मंगळवार गेले.

सहाव्या मंगळवारी उठताना बाप म्हणाला, "बाय, गावात समदी म्हनतात, देवाला इचारल्याबिगर पोरीला हितं आनायची नाय. सोमवारी कौल लावायचा हाय. तुमी पन या."

कौल विरुद्ध गेला तर ही मुलगी मला पुन्हा दिसणार नव्हती, आणि चार-सहा आठवड्यांत कुणालाच दिसली नसती. आपली खोली सोडून पेशंटच्या घरी-दारी जायचं नाही, असं शिकवलं होतं मला. मनातल्या मनात मी त्या देवावर, गावावर, सगळ्यांवर संतापले होते. तरी सोमवारी सकाळच्या गाडीने गेले.

देवळात वीस-पंचवीस माणसं होती. गुरवाने पाषाणाची मूर्ती ओली केली आणि दोन्ही बाजूंना एकेक पाकळी चिकटवली. उजवी आधी पडली तर डॉक्टरीण चालेल, डावी पडली तर नको. मग त्याने हात जोडून गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवाला सगळी हकीकत सांगितली, आणि आम्ही वाट बघत बसलो.

पाकळ्या हलेनात. घंटेखालून वारा यायचा, उजवी जरा सुटल्यासारखी वाटायची, पुन्हा चिकटायची. माझा देवावर विश्वास नव्हता, तरी मी त्याच्याकडेच मागत होते. लाजही वाटत होती आणि मागणं थांबतही नव्हतं.

डावी पडली.

बापाने कपाळ जमिनीला टेकलं. मी काहीतरी बोलायला उठले, पण त्याआधी मुलगीच बोलली. तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते, जाडसर आणि रागावलेला.

"बाबा, देवाला इचारलंत. मला इचारलंत काय? मला कोनीच नाय इचारलान." मग माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्या बायनी पन नाय."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाप उठून तिच्याकडे वळला. "मग सांग बाय. जायचा काय तुला?"

"जायचा. पन तुमी भायेर बसायचा."

माणसांत कुजबूज सुरू झाली. गुरवाने बापाला हळू विचारलं, "पुन्ना लावू काय कौल?" हा माणूस देवाला विचारल्याशिवाय पेरणीदेखील करत नसे.

"नको," तो म्हणाला. "पोरीनी सांगितलान ना."

दुसऱ्या दिवशी दोघं आली. बाप बाहेरच्या बाकावर बसला, आणि दार त्यानेच ओढून घेतलं. आत आम्ही दोघीच उरलो. आता तिच्या वतीने बोलणारं कोणी नव्हतं, आणि पहिला प्रश्न विचारताना मला दरदरून घाम फुटला होता.