जावयानं फास्ट केल्याला कंप्यूटर

तवा घरात मी हुती, माझी सून हुती, धाकलं दीर हुतं, जत्रंला आल्याली लेक हुती आन् लेकीचा मालक, म्हंजी आमचं जावई हुतं. ल्योक फौजेत. त्यो फोनवर हुता. त्येला हजर धरायचं का न्हाई ते तुमी ठरवा. नाव कुनाचंच घालत न्हाई, कारन जावयाला वाचायची लय सवय हाय.

मला सई येती, त्येच्या म्होरं काय येत न्हाई. मी बोलती आन् सून टाइप करती. ज्या कंप्यूटरवर ती टाइप करती, त्येचीच ही गोष्ट.

आमचं गाव कवठे महांकाळच्या अंगाला. सासरा मेंढरं घिऊन गावोगाव हिंडायचा, मालकानं शेती धरली, मी रोजगार हमीवर खडी फोडली. मालक गेलं तवा ल्योक शाळंत हुता. रडत बसाया येळ न्हवता, म्हस वरडत हुती. कीव करा म्हनून हे सांगत न्हाई. एवढं सोसल्याल्या बाईला एका डब्यानं जेरीस आनलं, ते ध्येनात यावं म्हनून सांगती.

ल्येकानं सुट्टीवर येताना ह्यो जुना कंप्यूटर आनला, बायकोला काम मिळंल म्हनून. सून बारावी शिकल्याली, टायपिंगचा कोर्स केल्याली, आन् जायची कुटं तर दुसऱ्याच्या द्राक्षबागंत. औषधाच्या पान्यात घड बुडवून बुडवून बोटाची सालं निघायची. भाकरी मोडताना तोंड वाकडं करायची, पर बोलायची न्हाई. मी बी बोलायची न्हाई. बोलून काय सालं परत येत्यात व्हय?

मग सांगलीच्या एका हापिसानं घरबसल्या टायपिंगचं काम द्याचं कबूल केलं. पर आदी परीक्षा. सोमवारी सकाळच्या पारी, घरच्याच कंप्यूटरवर. येळंत कागद पुरा झाला तर काम, न्हाईतर बाग.

आन् कंप्यूटर कसा? बटन दाबायचं, म्हशीची धार काढायची, डेअरीला दूध घालून यायचं, तरी बी त्येचा गोल आपला फिरतच. सून अक्षर दाबायची आन् ते दमानं उमटायचं, नव्या नवरीनं उंबरा वलांडावा तसं. नवरी तरी शेवटाला आत येती.

पयल्यांदा आसा न्हवता बरं का. जुना हुता, पर चालत हुता. मग त्येला जावयाचा हात लागला.

जावई साताऱ्याला हापिसात हायती. काम काय करत्यात ते मला अजून उमगलं न्हाई. पर हापिसात कंप्यूटर हाय, तवा कंप्यूटरचं सगळं आपल्याला कळतं, आसं त्येंनी लग्नाच्या मांडवातच सांगितल्यालं. पयल्या खेपंला आलं आन् म्हनलं, "मामी, मशीन स्लो आहे. फास्ट करणारा प्रोग्रॅम टाकतो." टाकला. दुसऱ्या खेपंला त्येच्यावर राखन करनारा टाकला. तिसऱ्या खेपंला त्या राखन्याचा कचरा काढनारा. आसं करत करत चार झालं. कंप्यूटर चालू केला की समदी एकदम उठायची, घंट्या वाजवायची, लाल पाट्या दावायची, आन् त्येंच्या गर्दीत सुनंचा कागद कुटं घावायचाच न्हाई.

दीर फौजेतनं सुभेदार हुऊन आल्यालं. जावई हात धुवाया भाईर गेलं की म्हनायचं, "वयनी, एका गेटाला एकच संतरी आसतोय. हितं समदी संतरीच! लढायचं कुनी?" जावई आत आलं की म्हनायचं, "झकास केलंसा, पावनं."

हसू नगा. जावयाला चुकलं म्हनायची आमच्यात रीत न्हाई. दुष्काळात टँकर यील तवा यायचा. आमी ओल्या फडक्यानं तोंड पुसायचो, पर जावयाच्या पायाला भरल्याला तांब्या ठेवायचो. एकदा बारशाला पानात पापड वाढायचा ऱ्हायला, तर जावई न जेवता उठलं, आन् माझी लेक सबंद उनाळा माहेराला आली न्हाई. पापडासाठी उनाळा गेला, तर प्रोग्रॅमसाठी किती जानार, त्येचा हिशोब कुनी करायचा?

ल्येकाला फोन लावला. बंदूक घिऊन शिवंवर हुबा ऱ्हानारा गडी. म्हनला, "आई, दाजीला तूच काय ते सांग. हितं रेंज न्हाई." आन् फोन ठेवला.

रयवारी जत्रा. जावई सकाळीच कंप्यूटरम्होरं बसलं आन् अजून एक टाकला. आता गोल बी फिरायचा थांबला. सून चुलीपाशी ईऊन हळूच म्हनली, "आत्या, ही समदी काढली तर मशीन चालंल. पर दाजींनी बगितलं तर?"

लेक कनीक मळत हुती. म्हनली, "आयं, त्येंला बोलू नगा गं. मला त्येंच्याच संगं जायाचंय."

दोगीचं बी खरं. एकीचं हात, एकीचं माहेर. मी चुलीत लाकूड सारलं. मग म्हनलं, "पुरन जास्त घाल."

पयली पोळी, वर तुपाची धार. दुसरी. कटाची आमटी. जावई नगं म्हनलं की दीर म्हनायचं, "आवं पावनं, जत्रा हाय, देव रागवंल." मशीन हलकं करायचं म्हनून आमी जावयाला जड केलं. जेवान झालं आन् मानूस सोप्यातल्या पलंगावर आडवा झाला, घोरायला लागला.

दीर दाराला हुबं ऱ्हायलं, जुन्या सवयीनं, ताठ. सून बसली. एकेक प्रोग्रॅम काढाया घेतला की त्यो इचारायचा, नक्की जाऊ का? माझ्याबिगर तुमचं काय हुईल? सोयरा बी पिशवी हातात घिऊन दारात आसाच घोटाळतो. सून म्हनायची, जा बाबा. समदी गेली. मग तिनं अक्षर दाबलं, आन् दाबल्या दाबल्या उमटलं. तिनं परत दाबलं. तिच्या तोंडाकडं मी बगितलं न्हाई, आमाला काम हुतं.

जावई उठलं, च्या पिलं, कंप्यूटर लावला. म्हशीकडं जायाच्या आत चालू झाला. घंटा न्हाई, पाटी न्हाई.

"वहिनी! माझे प्रोग्रॅम कुणी काढले?"

सुनंनं तोंड उघडायच्या आदी मी म्हनलं, "मी."

"तुम्ही?"

"धूळ झटकत हुती, जावईबापू. हात लागला."

"धूळ झटकताना पाच-पाच प्रोग्रॅम जातात होय, मामी?"

"जोरात झटकली."

मग जे सुरू झालं! अडानी बायकांनी मशिनीला हात का लावू नये, देश म्हागं का ऱ्हायला, समदं. मी खाली मान घालून तांदूळ निवडलं. खडी फोडताना मुकादमाच्या शिव्या खाल्ल्यात मी, ह्ये तर नात्यातलं मानूस. बोलून झालं तवा जावई म्हनलं, "थांबा, आत्ताच्या आत्ता परत टाकतो." सुनंचं तोंड पडलं.

तेवढ्यात दारातनं दीर वरडलं, "पावनं, पालखी उठली! पयला खांदा जावयाचा, समदी खोळंबल्यात!" आसा मान आमच्या गावात कवाच न्हवता. तवापास्नं हाय. जावई फेटा बांधून गेलं. रातीला आलं ते खांदा चोळत, आन् पाटंच्या गाडीनं दोगं साताऱ्याला गेली.

परीक्षा झाली. येळंच्या आदी कागद पुरा झाला. सुनंला काम लागलं. बोटावर नवं कातडं आलंय, भाकरी नीट मोडती.

म्होरल्या खेपंला जावयानं कंप्यूटर लावला. फास्ट चालला. इकडंतिकडं बगितलं आन् म्हनलं, "बघा मामी, मी दिलेल्या औषधाचा गुण अजून अंगात आहे." मी म्हनलं, "व्हय तर." दीर म्हनलं, "झकास, पावनं." परत कायबी टाकलं न्हाई, औषध पुरतंय म्हनून.

आता जावई लग्नात, बारशात, पंगतीला बसलं की सांगत्यात, आमच्या सासूबाईंनी धूळ झटकताना पाच प्रोग्रॅम उडवलं. समदी हसत्यात. मी बी हसती, पोळी वाढती. लेक दर उनाळ्याला येती.

म्हनून हे वाचनाऱ्याला एकच इनंती. कवा त्येंच्या पंगतीला बसलासा आन् ही गोष्ट निघाली, तर माझ्यावर मोकळ्या मनानं हसा. खरं काय ते सांगू नगा.