खालच्या डोहाचा नकाशा

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याशी रोज माशांबद्दल बोलते त्यांना तर नाहीच. आज तुम्हाला सांगतेय ते मन हलकं व्हावं म्हणून — असं कृपा करून समजू नका. माझं मन जड नाही. निदान अर्ध्या गोष्टीबद्दल तरी नाही. उरलेल्या अर्ध्याकडे मी येते, पण मला माझ्या चालीने येऊ द्या.

मी बोईसरला राहते. लग्न होऊन कोल्हापूरकडून आले आणि इथल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या कामाला लागले. घरी काचेच्या सात टाक्या आहेत. येणाऱ्याला वाटतं गोल्डफिश असतील. नसतात. माझ्याकडे ओहोळातले मासे आहेत, बोटाएवढे, मातकट रंगाचे. शेजारच्या बाई म्हणतात, "हे तर कालवणातले." त्यांना दुकानातल्या माशांसारखं ठेवून चालत नाही. मोटर लावून टाकीत पाण्याची धार वाहती ठेवावी लागते. तळाला ओहोळातलेच गोटे. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग घालायचं, आणि उन्हाळ्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या. मी हे सगळं करते. कौतुकासाठी नाही — बरं, थोडं कौतुकासाठीही.

मासे ओळखायला मला लाडकीने शिकवलं. पुस्तकं नंतर आली. लाडकी बोईसरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी, एका वारली पाड्यावर राहते. माझ्याच वयाची. कारखान्याची सहल त्या पाड्याजवळच्या डोहावर गेली होती, तेव्हा ती टोपलीने मासे धरत होती. मी तिच्याकडून एक खवली, म्हणजे ओहोळातला बोटाएवढा मासा, जेवणाच्या डब्यात घेतली. तसलीच दुसरी उचलायला गेले तर म्हणाली, "बाई, ही ती नाय. हिला मिशी हाय." दोन्ही घरी आणून भिंगाखाली पाहिल्या. एकीच्या तोंडाशी केसासारख्या दोन मिशा होत्या, दुसरीच्या तोंडाशी काही नव्हतं. दोन वेगळ्या जाती. मी प्रयोगशाळेतली बाई — आणि तिने ते ओल्या तळहातावर, नुसत्या डोळ्यांनी ओळखलं होतं.

त्यानंतर कितीतरी वर्षं मी सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जात राहिले. तिचा दीर जान्या शेळ्या राखायचा, मला लांबून बघून हात करायचा. वरचा ओहोळही लाडकीनेच दाखवला. तास-दीड तास चढून जावं लागतं, तिथे कोणी फिरकत नाही. तिथे मला ती मुरी सापडली. मुरी म्हणजे तळाच्या दगडांना धरून राहणारा लांबुडका मासा. अंगावर काळे पट्टे सगळ्याच मुऱ्यांना असतात. हिचे मात्र डोक्याकडे बारीक आणि दाट होते, शेपटीकडे रुंद. आणि शेपटीच्या मुळाशी जो पट्टा सलग असायला हवा, तो मधोमध तुटलेला. एकीत नाही, मी धरली त्या प्रत्येकीत. खालच्या डोहात ती नव्हती. आजूबाजूचे ओहोळ मी दोन वर्षं पालथे घातले. कुठेच नव्हती.

मग मी तिचा फोटो काढून मासे पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. का टाकला? दुसरं कारण नाही — मिरवायचं होतं. खाली 'बोईसर पूर्व' एवढंच लिहिलं. तेवढं पुरलं.

त्याच आठवड्यात सामंत म्हणून एक गृहस्थ मुंबईहून घरी आले. दुर्मीळ मासे धरून शौकिनांना पुरवायचा त्यांचा धंदा. माणूस मोठा सभ्य. प्रत्येक टाकीपुढे गुडघे टेकून बसले, प्रत्येक माशाचं नाव बरोबर सांगितलं. या घरात तोवर तसं कोणी केलं नव्हतं. मग त्यांनी मुरीची जागा विचारली. मी म्हटलं, सांगत नसते. ते रागावले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "तुम्ही नाही सांगितलंत तरी मी शोधीन, मॅडम. पाड्यापाड्यावर फोटो दाखवीन. कोणीतरी नेईलच."

आणि कोण नेईल हे मला माहीत होतं. लाडकीपुढे फोटो धरला असता तर ती आनंदाने, टोपली खांद्याला लावून, पुढे चालू लागली असती. जशी माझ्यापुढे चालली होती.

मी कागद घेतला आणि नकाशा काढला. बोईसरहून कुठे वळायचं, पाडा कुठे लागतो, आंब्याखालून डोहाकडे कसं उतरायचं. खालच्या डोहाचा नकाशा. लाडकीच्या पाड्याच्या डोहाचा. त्या डोहावर बोट ठेवून म्हटलं, "इथेच मिळाली."

ऐन उन्हाळा होता. उन्हाळ्यात आमच्याकडचे ओहोळ वाहत नाहीत, तुटतात. मैलभर पाण्यातले सगळे मासे एका खोल डोहात येऊन पाऊस लागेपर्यंत तग धरतात. तो डोह म्हणजे त्या ओहोळाचं सगळं बियाणं. पाड्याचं उन्हाळ्यातलं कालवणही तिथूनच यायचं. हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तेव्हाही होतं, बोट कागदावर असतानाही होतं.

सामंतांची माणसं डिझेलचा पंप घेऊन आली. सकाळची वेळ, पाडा मोहाची फुलं वेचायला रानात गेलेला. दुपारपर्यंत त्यांनी डोह उपसला, हवे ते मासे पिशव्यांत भरले आणि नको ते चिखलात टाकून गेले. संध्याकाळी सामंतांचा फोन आला. "ती मुरी नाही मिळाली, मॅडम. पण बाकीचा माल चांगला होता." मी म्हटलं, यंदा नसेल. ते परत कधी आले नाहीत.

आता ऐका. या नकाशाबद्दल मी कोणापुढेही मान खाली घालणार नाही. ती मुरी अजून वरच्या ओहोळात आहे. गेल्या हिवाळ्यातही मी पाहिली, पिल्लंसुद्धा पाहिली. मी गप्प बसले असते तर ती आज कुठल्यातरी दिवाणखान्यात मरून गेली असती आणि तिचं नावही कोणी ठेवलं नसतं. खालच्या डोहातल्या जाती दहा ओहोळांत मिळतात. मी तराजू हातात घेतला आणि तोलून पाहिलं. कोणी अधिकार दिला? कोणी नाही. तुम्ही काय केलं असतंत? पोलिसात गेला असता, चिखलातल्या माशांसाठी? हसले असते तुम्हाला. उद्या तोच माणूस सोफ्यावर येऊन बसला, तर मी पुन्हा कागद घेईन.

इथवर मी ताठ आहे.

पुढच्या रविवारी मी पाड्यावर गेले. डोहाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि भेगांत खवल्या वाळून चिकटल्या होत्या. वास मागच्या वळणापर्यंत येत होता. लाडकी काठावर बसली होती. तिने मला सगळं सांगितलं. त्या माणसांनी वाटेत जान्याला गाठून विचारलं होतं, डोह इकडेच ना? तो हो म्हणाला. त्यांच्याकडे कागद होता, ते तिथे येतच होते — त्याने फक्त मान हलवली. पण कागद कोणी पाहिला नव्हता. पंपवाल्यांशी बोलताना जान्या मात्र रानातून दोघा-तिघांना दिसला होता. पाडा म्हणाला, यानेच दाखवला. त्याने वाघदेवाची शपथ घेतली, तरी कोणी ऐकलं नाही.

मग लाडकीने माझ्याकडे पाहिलं. संशयाने नव्हे, तसं वाटून घेऊ नका. माझी ऊठबस शहरातल्या लोकांत म्हणून विचारलं.

"बाई, तुमाला कोनी इचारला होता का, या डोहाचा?"

"नाही," मी म्हटलं.

एवढंच. एक शब्द. तो बोलायला मला जराही वेळ लागला नाही — यावरून मी कोण आहे ते तुम्ही ठरवा. मला भीती होती ती लाडकीच्या रागाची नव्हती. खरं बोलले असते तर 'का?' आलं असतं, आणि 'का?'च्या उत्तरात वरचा ओहोळ आला असता, हे मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. ते खोटं आहे. लाडकी जीव गेला तरी त्या ओहोळाबद्दल कोणाला बोलली नसती, मी नुसतं नको म्हटलं असतं तर. हा मार्ग सामंतांपुढे बसले होते तेव्हाही मोकळा होता — नकाशा न देता नंतर तिला एक शब्द सांगायचा, बस. मला तो सुचला नाही, कारण मुरी माझी होती. लाडकीने दाखवलेली, पण माझी.

जान्याला लग्नाला बोलावणं बंद झालं. त्याच्या अंगणात कोणी बसेना. पावसाळ्यानंतर शेळ्या विकून तो बायकोला घेऊन वापीकडे बांधकामावर गेला.

आणि मी काय केलं? माझ्या दोन टाक्यांत त्याच डोहातल्या खवल्या होत्या, दोन्ही जातींच्या, त्यांची पिल्लं वाढत होती. लाडकीने विचारलं, द्याल का? मी दिल्या. पुढच्या पावसात ओहोळ भरल्यावर सगळा पाडा काठावर जमला आणि मी पिशव्या सोडल्या. लोकांनी मला भाजी दिली, तांदूळ दिले, एका म्हातारीने माझ्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मी ते सगळं घेतलं. दोन्ही हातांनी घेतलं, आणि घरी येऊन तो भात जेवले.

दोन वर्षांनी जान्या मला बोईसरच्या बाजारात भेटला. दिवाळीला आला होता, पण पाड्यावर न जाता बायकोच्या भावाकडे उतरला होता. केस पांढरे झाले होते. त्याने हसून विचारलं, "मासे बरे हायत का, बाई?" मी म्हटलं, बरे आहेत. तो जरा वेळ पिशवीचे बंद चाळत उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "मी नाय दाखवला, बाई. देवाशपत."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

ते तोंडातून निसटलं. त्याने मान वर केली. इतक्या दिवसांत हे त्याला कोणीच म्हटलं नसावं. त्याचा चेहरा आधी उजळला, मग हळूहळू विचारात पडला.

"तुमाला कसा म्हाईत?"

मी रिक्षाला हात केला आणि बसले.