चांगुणाआजी आणि सातवा प्रश्न

आमच्या फॉर्मवरचा सातवा प्रश्न असा होता: गेल्या तीन महिन्यांत तुम्ही पडलात का? चांगुणाआजी तो मला पुरा वाचूही देत नसत. 'गेल्या तीन' एवढं कानावर पडलं की 'नाय' म्हणून मोकळ्या. बाकीच्या प्रश्नांना मात्र त्यांच्याकडे वेळच वेळ असायचा. दूध किती घेता, असं मी पहिल्या भेटीत विचारलं, तेव्हा त्यांनी माहेरच्या म्हशीची हकीकत सुरू केली. ती म्हैस आम्हाला तीन भेटी पुरली.

कल्याण-शीळ रस्त्यावरच्या आमच्या रुग्णालयात म्हाताऱ्या बायकांची हाडं किती झिजतात आणि खाल्लेलं कॅल्शियम अंगात किती मुरतं, यावर एक अभ्यास चालू होता. मी त्याची समन्वयक. म्हणजे बायकांना फोन करायचे, फॉर्म भरायचे आणि रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या. बाकीच्या बायकांच्या मी विनवण्या करून थकत असे. चांगुणाआजी तासभर आधीच बाकावर येऊन बसलेल्या. ठेवणीतली नऊवारी, गळ्यात सोनं, मांडीवर डबा. रक्त उपाशीपोटी द्यायचं असे, पण ते झालं की आजी डबा उघडून तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट सगळ्या स्टाफला वाटत.

मानपाड्याच्या त्यांच्या भातशेतीवर आता मोठमोठ्या इमारती आहेत. घरही तीन मजल्यांचं झालं, लिफ्टसकट. वरचे दोन मजले दोन मुलांचे, तळमजल्यावर आजी एकट्या. पांढऱ्या मोठ्या गाडीतून ड्रायव्हर त्यांना सोडून जाई. तुम्हाला यायचा कंटाळा कसा येत नाही, असं मी एकदा थट्टेने विचारलं. त्या म्हणाल्या, "तीन म्हैन्यांनी एक मानूस मना इचारतं, झोप लागते का, पाय दुखतान का. घरान कोन इचारतं?" मी हसून म्हटलं, आम्ही सगळ्यांनाच विचारतो हो आजी. असलं काहीतरी बोलून मी विषय संपवायची. मी स्वतः डोंबिवलीत एकटी राहते, घरी गेल्यावर आवाज असावा म्हणून टीव्ही लावते, तरी मला कळलं नाही.

माझ्याकडूनच त्या सही करायला शिकल्या होत्या. वेलांटी चुकली की पुन्हा कागद मागून घेत. एका भेटीत मात्र म्हणाल्या, आज अंगठा घे. उजवा हात पदराखाली होता. माझ्यासमोर आणखी पाच बायका ताटकळत होत्या. मी त्यांचा डावा अंगठा घेतला, सातव्या प्रश्नापुढे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या बाईला हाक मारली.

अभ्यासाच्या पहिल्याच वर्षी आजींच्या शेजारी बसणाऱ्या एका बाईचं मनगट मोडलं होतं. हाड मोडलं की त्या बाईला अभ्यासातून वगळायचं आणि तिचे नेहमीचे उपचार सुरू करायचे, असा नियम. ती बाई यायची बंद झाली. आजींनी त्यातून एवढंच घेतलं, की जी पडते तिला काढतात. खरं तर नुसतं पडल्यावर आम्ही कोणालाच काढत नव्हतो. हे त्यांना सांगायला माझ्याकडे तीन वर्षं होती.

मग एका सकाळी आजी आमच्याच रुग्णालयात स्ट्रेचरवरून आल्या. खुबा मोडला होता. भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई भारी चिकित्सक. त्यांनी मला फाइल घेऊन बोलावलं. आधी कधी पडल्या होत्या का, चक्कर, अंधारी? आजी 'नाय' म्हणाल्याच होत्या. फाइलमध्येही दर भेटीला 'नाही' होतं, माझ्याच अक्षरात. डॉक्टरीणबाई फाइल मिटणार, तेवढ्यात मला तो पदराखालचा हात आठवला. मी पाच मिनिटं मागून घेतली आणि आजींजवळ जाऊन बसले. हातात फॉर्म नव्हता. म्हटलं, आजी, किती वेळा?

त्यांनी बोटं मोजली. "चार वेला परले. डोल्यापुरं कालोख येतं नि परतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "भाताच्या चिखलान परली त बाजूची हसायची नि हात द्यायची. लादीव परलं त कोन बगतं? परल्याव उचलाला कोन व्हता, त्ये नाय का इचारत तुजा कागद?"

मी म्हटलं, नाही विचारत.

"आता माजा नाव कारशील," त्या म्हणाल्या.

मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकललं. तपासणीत निघालं, की आजींचं हृदय मधेच काही क्षण थांबत होतं. आधी पेसमेकर बसवला, मग खुबा. तो 'नाही' खरा धरून भूल दिली असती, तर टेबलावर काहीही झालं असतं, असं डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या. त्यांनी माझं कौतुक केलं. मला ते घेववेना.

नियमाप्रमाणे मी आजींच्या फाइलवर 'वगळले' लिहिलं. निरोप घेताना म्हटलं, दर तीन महिन्यांनी मी घरी येऊन विचारीन. पहिल्यांदा गेले. म्हशीची राहिलेली हकीकत ऐकली. दुसऱ्या खेपेच्या वेळी अभ्यासाची तपासणी निघाली, मग आणखी काही. पुढच्या आठवड्यात जाऊ, असं करत राहिले. शेवटी फोन केला तेव्हा थोरली सून म्हणाली, "आई झोपेतच गेल्या. महिना होईल."

मी मानपाड्याला गेले. सुनेने बसवलं, चहा दिला. मग आजींच्या पलंगाशेजारचं कॅलेंडर दाखवलं. दोन तारखांभोवती लाल पेन्सिलीने वाकडे गोल काढले होते आणि प्रत्येक गोलाखाली आजींची सही, फॉर्मवर करत तशी. वेलांटी बरोबर होती. आई रोज म्हणायच्या, ती बाय आली की तिला दाखवायचंय, सून सांगत होती. हे कसले गोल, तुम्हाला ठाऊक आहे का?

मला ठाऊक होतं. मी सांगितलं, त्या दोन दिवशी आजी पडल्या होत्या. ती गोलांवरून बोट फिरवू लागली. मग म्हणाली, "आम्ही वरतीच होतो."

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी टीव्ही लावला नाही. पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि वर चांगुणाआजींचं नाव लिहिलं. सातव्या प्रश्नापुढे लिहिलं: होय, दोनदा. त्याच्या बाजूला समासात त्यांचा प्रश्न लिहिला, उचलायला कोण होतं? उत्तर मला माहीत होतं. ते लिहवलं नाही.