हिराची लाल कागदी फुलं

हिरा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेव पाडत होते. दिवाळी चार दिवसांवर आलेली, हात बेसनानं बरबटलेले, म्हणून रिसीव्हर खांद्यानं कानाशी दाबून धरला. पलीकडे तिचा संजू. इथेच, लंडनजवळच्या वॉटफर्डला जन्मलेला, इथल्याच शाळांत शिकलेला, आता मेडनहेडला कॉम्प्युटरच्या कंपनीत असतो. म्हणाला, "कुंदामावशी, आई गेला. सकाळी गेला." पंचवीस वर्षं मी त्या पोराचं मराठी दुरुस्त करत आलेय. 'आई गेला' नव्हे रे, 'आई गेली'... त्या दिवशी नाही केलं. एवढंच विचारलं, "जेवलास का?" मग गॅस बंद केला आणि जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. हे दवाखान्यातून आले तेव्हाही तिथेच बसले होते म्हणे.

हिरा म्हणजे आमच्या गावच्या हॉस्पिटलातली सिस्टर जगताप. साताऱ्याकडच्या एका खेड्यातली, मिरजेला नर्सिंग शिकलेली, माझ्या आधी पाच वर्षं इकडे आलेली. मी पुण्याची, डॉक्टरांची बायको, पुढे इथल्या लायब्ररीत लागले. "पुण्याची माणसं मत आधी देतात आणि माहिती मागनं काढतात," असं हिरा म्हणायची, आणि माझ्यापुरतं ते खोटं नव्हतं. आमची ओळख बर्फावर झाली. पहिल्याच हिवाळ्यात बस स्टॉपपाशी मी सपशेल आडवी झाले, तोंडातून "आई गं" निघालं आणि मागून आवाज आला, "हलू नकोस, मी नर्स हाय." त्या काळी मराठी कानावर पडायचं तर ईलिंगला जावं लागे. मी दुखणं विसरून तशीच आडवी पडून तिच्याशी गप्पा मारू लागले. तिनं माझा घोटा दाबून बघितला आणि सुटलेल्या पदराला स्वतःच्या बांगडीतली सेफ्टी पिन काढून लावली. तिच्या डाव्या हातातल्या बांगडीत कायम दहाबारा पिना अडकवलेल्या असत. वॉर्डात युनिफॉर्म असताना त्याच पिना खिशात जात, पण हिरा आणि पिना यांची ताटातूट मी कधी पाहिली नाही.

तिचा बाप मराठा पलटणीत शिपाई होता. दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारला गेला. हिरा तेव्हा तीन वर्षांची. तार आली, ती शाळेच्या मास्तरांनी वाचून दाखवली, पण ना मढं आलं, ना अस्थी. मग हिराच्या आईनं ठरवून टाकलं की बघितल्याशिवाय कुंकू पुसायचं नाही. दोन वर्षं ती बाई कुंकू लावून शेतावर जायची आणि गाव तिला वेडी म्हणायचं. हे हिरानं मला फार उशिरा सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी बोलले ते बोलले नसते असं मी स्वतःला समजावते... पण खरं सांगायचं तर माझ्या जिभेचा काही भरवसा नाही.

हिराच्या वॉर्डात सगळी म्हातारी माणसं. त्यांत एक इंग्रज आजोबा होते, इटलीत लढलेले. हिरा साताऱ्याकडची आहे हे कळल्यावर ते म्हणाले, "तुमची माणसं डोंगरावर आमच्या डाव्या बाजूला होती, सिस्टर." एवढंच. पण बापाच्या मरणाबद्दल, ते मरण जिथं झालं तिथून आलेला माणूस पहिल्यांदा बोलत होता. हे आजोबा दर नोव्हेंबरला शॉपिंग सेंटरच्या दाराशी पॉपीचा ट्रे गळ्यात अडकवून उभे राहत. लाल कागदी फूल, हिरवा प्लॅस्टिकचा देठ, युद्धात गेलेल्यांच्या आठवणीसाठी कोटावर लावायचं. त्या वर्षी त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं. त्यांनी हिराला विचारलं, माझ्या जागी उभी राहशील का? हिरा राहिली. साडी, वरून जाड कोट, गळ्यात फुलांचा ट्रे.

साल ब्याऐंशीचं, इंग्लंडनं अर्जेंटिनाशी केलेल्या फॉकलंडच्या लढाईचं. उन्हाळ्यात घराघरांवर झेंडे लागले होते, त्यामुळे नोव्हेंबरात तेच फूल एकदम तापलेलं. त्याआधी तो म्हाताऱ्यांचा कार्यक्रम असे, लायब्ररीतल्या तरुण मुली तर ढुंकून बघत नसत. आता काहीजण छाती पुढे काढून पॉपी लावत होते आणि काहीजण ती लावणाऱ्याला युद्धखोर म्हणत होते. हिराच्या ट्रेपाशी आणखीच गंमत. काही इंग्रज बायका देणगीच्या डब्यात नाणं टाकत, पण तिच्या हातातलं फूल न घेता ट्रेमधलं दुसरं उचलत. आणि आपली माणसं... आपली माणसं समोरच्या चपलांच्या दुकानात फार रस असल्यासारखी काचेत बघत पुढे जात. त्यांत मीही होते.

त्याच आठवड्यात आमच्याकडे फराळाला मंडळी होती. हिरा थेट ट्रे ठेवून आली, पदरावर पॉपी तशीच. मी दारातच म्हटलं, "ते फूल काढून आत ये." तिला वाटलं मी थट्टा करतेय. मी सांगितलं, माझ्या दादांना, म्हणजे वडिलांना, बेचाळीसच्या चळवळीत ज्यांनी दोन वर्षं तुरुंगात टाकलं, त्यांचं फूल माझ्या घरात नको. दादा तुरुंगातून आले ते खोकत आले आणि मी दहावीत असताना गेले. हिरा हसून म्हणाली, "अगं, ज्यांच्या पगारावर चकल्या तळतेस, तेच का हे?" मंडळी हसली. सगळ्यांदेखत माझी फजिती झाली, ती मला झोंबली. मी म्हटलं, "आम्ही नोकरी करतो, हिरा. तुझ्या वडिलांसारखे भाड्यानं माणसं मारायला गेलो नाही."

हिरानं हातातली ताटली टेबलावर ठेवली, अर्धी चकली तिच्यात तशीच. "खुसखुशीत झाल्यात," म्हणाली, कोट घातला आणि गेली. ह्यांनी त्या रात्री माझ्याशी अबोला धरला, आणि हे म्हणजे बोलले नाहीत तरी घरात फरक पडू नये असे गृहस्थ, तरी मला तो टोचला. चूक झाली हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पण दिवसातून पन्नास वेळा इंग्रजीत सॉरी म्हणणारी मी, मराठीत 'माफ कर' म्हणायला माझी जीभ रेटेना. चार वर्षं आम्ही बोललो नाही. एवढ्याशा गावात चार वर्षं एकमेकींना टाळायचं म्हणजे काय दिव्य असतं, ते केलेल्यालाच ठाऊक. तिची आठवण रोज यायची आणि मी रोज तिच्यावरच चिडायचे.

अबोल्याच्या चौथ्या वर्षी आमची लेक मुग्धा सोळा वर्षांची होती. तिच्या शाळेतल्या मुलींनी पांढऱ्या पॉप्या केल्या होत्या, युद्धच नको म्हणणाऱ्यांच्या. तेव्हा पांढऱ्या पॉपीवरून पेपरांत बरीच चिखलफेक चालली होती. शनिवारी मी चपला बदलायला दुकानात शिरले, मुग्धा पांढरी पॉपी लावून बाहेर थांबली. काचेतून बघते तर छातीवर मेडलं लावलेला एक गृहस्थ, गळ्यात पॉपीचा ट्रे, तिच्या तोंडासमोर बोट नाचवतोय. "लाज वाटायला हवी तुला. जिथून आलीस तिथे जा परत." मी बॉक्स टाकून दाराकडे धावले, पण शेजारच्या दाराशी दर वर्षीसारखी ट्रे घेऊन उभी असलेली हिरा आधी पोचली. इंग्रजीत, वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "ती ह्या रस्त्याच्या टोकाला राहते. आणि माझा बाप इटलीत मेला, तो कुणी काय लावावं हे सांगायचा हक्क तुम्हाला मिळावा म्हणून नाही." मग मुग्धाकडे वळली. कागदाचं ते पांढरं फूल लोंबत होतं. हिरानं बांगडीतली पिन काढली, जॅकेटवर नीट टोचली आणि मराठीत म्हणाली, "जे लावायचं ते नीट लावावं, पडू देऊ नये." मी दारात उभी होते. तिनं मला बघितलं, माझ्याशी एक शब्द बोलली नाही, परत जाऊन जागेवर उभी राहिली. थोड्या वेळानं त्या मेडलवाल्या गृहस्थानं आपल्या फ्लास्कमधला चहा तिच्यापुढे धरला आणि तिनं तो घेतला.

दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन तिच्या दारात. काय काय पाठ करून गेले होते. तिनं दार उघडलं, डब्याकडे बघितलं, म्हणाली, "थालीपीठ हाय का? लोणी न्हाई आणलंस?" झालं. मी पाठ केलेलं सगळं तसंच गिळलं. त्या दुपारी तिनं मला आईच्या कुंकवाचं सांगितलं आणि मी तिला दादांच्या खोकल्याचं. माफी तेवढी राहून गेली. तिनं ती कधी मागितली नाही, आणि मी दर वर्षी पुढच्या वर्षावर ढकलली.

पुढची दहा वर्षं मी हिराच्या ट्रेपाशी उभी राहून तिचा दगदगीचा नोव्हेंबर बघितला. पॉपी मात्र लावली नाही. तिनंही कधी पुढे केली नाही. त्या फुलांचा एक दोष असा की ती टिकत नाहीत, दुपारपर्यंत रस्त्यात पडतात. एका इंग्रज आजीनं तक्रार केली की हे माझं तिसरं फूल. हिरानं तिला सेफ्टी पिन लावून दिली. दुसऱ्या दिवशी ती आजी बहिणीला घेऊन आली. हळूहळू लोकांना कळलं की साडीवाल्या सिस्टरकडची पॉपी पडत नाही, आणि एकेकाळी तिच्या हातचं फूल न घेणाऱ्या बायका तिच्यासमोर रांग लावू लागल्या. नव्वदच्या दशकात तर वाराच फिरला. महायुद्ध संपल्याला पन्नास वर्षं झाली, पेपरांत हिंदी शिपायांचे फोटो दिसू लागले, प्रायमरी शाळेनं हिराला बोलावलं. ती मुलांना आपल्या बापाचं सांगत होती, तेवढ्यात एका जमेकन मुलीनं हात वर केला, "माझे आजोबापण होते." मग एका शीख मुलीचा हात, मग एका पोलिश मुलाचा. हिरा परत येऊन मला म्हणाली, "कुंदे, आमाला वाटायचं आपण एकटेच. सगळा वर्ग निघाला की गं."

मग उलटाच त्रास सुरू झाला. टीव्हीवर प्रत्येकाच्या कोटाला पॉपी, लायब्ररीत प्रत्येकाच्या कोटाला पॉपी, आणि मला एकदा एका सहकारी बाईंनी विचारलं, तुम्ही का नाही लावत? मी हिराला सांगितलं. ती चिडली, पण माझ्यावर नाही. "सक्तीचं फूल माझ्या बापाला नको. त्याला सक्ती पलटणीत लय झाली."

याच सुमारास अकरा नोव्हेंबरला, पहिलं महायुद्ध थांबलं त्या तारखेला, अकरा वाजता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याची जुनी रीत परत आली. एरवी ती गावातल्या युद्धस्मारकापाशी जवळच्या रविवारीच पाळली जाई आणि हिरा तिथं न चुकता जाई. आता सुपरमार्केटं, स्टेशनं, बँका, सगळीकडे. गेल्या वर्षी हिराला ट्रे पेलवेना. कॅन्सर हाडांत गेला होता. अकरा तारखेला तिला दूध-ब्रेड घ्यायला मी सुपरमार्केटात नेलं, आणि अकरा वाजता मॅनेजरनं माइकवर सांगितलं. टिल, म्हणजे पैसे घ्यायची काउंटरं, थांबले. पन्नासेक माणसं ट्रॉल्यांना धरून उभी. फ्रीजांचा आवाज तेवढा. हिरानं ट्रॉलीचा दांडा घट्ट धरला होता, डोळे मिटलेले, ओठ हलत होते.

नंतर तिथल्याच कॅफेत चहा घेताना मी विचारलं, "काय बोलतेस गं तेव्हा?"

"बापाला घरचं सांगते. संजूचं, पावसाचं, गावच्या विहिरीचं. एक मिनिट त्याचं."

"आणि दुसरं?"

ती साखर ढवळत राहिली. "दुसरं तुज्या दादांचं."

कधीपासून, म्हणून विचारलं.

"तुज्या घरनं उठून गेले ना, त्या रविवारपासून. रागातच उभी होते स्मारकापाशी. बापाला म्हटलं, बघ, तुला काय बोलली ती. मग मनात आलं, तिचा बाप असाच गेला, त्याच्यासाठी ह्या देशात कोण गप उभं राहणार? एक तिकडं मेला, एक तुरुंगात झिजला, आणि दोघांच्या बी पोरी वॉटफर्डात येऊन भांडत बसल्यात."

म्हणजे आम्ही बोलत नव्हतो ती चार वर्षंही. मी रडले, कॅफेत, सगळ्यांदेखत, आणि पंधरा वर्षं अडकलेले दोन शब्द मराठीत म्हटले. हिरा म्हणाली, "चहा पी. गार होतोय."

ती गेली त्यानंतर तीन आठवड्यांनी यंदाचा अकरा नोव्हेंबर आला. मी मुद्दाम त्याच सुपरमार्केटात गेले. पॉपी लावली का, असं मुग्धानं नंतर फोनवर विचारलं. नाही लावली. लावेन बहुधा कधीतरी, मनापासून वाटेल तेव्हा. टिलपाशी माझा नंबर आला आणि अकरा वाजले. पहिलं मिनिट मी हिराच्या बापाला दिलं, ज्याचा मी एकदा अपमान केला होता. दुसरं दादांना देणार होते, पण तोवर हिराच आली मनात, आणि मग दोन मिनिटांत तिघांचं काय कसं भागवावं ते समजेना. दोन मिनिटं संपली, बाकीचे टिल सुरू झाले. मी आपली उभीच. टिलवरच्या मुलीनं माझ्याकडे बघितलं आणि माझ्या सामानाकडे नेलेला हात मागे घेतला. माझ्यामागे रांग होती, पण मी मान वर करेपर्यंत कुणी पुढे सरकलं नाही.